मस्कने स्वतःच्या खिशातून केलं, मग आपण इस्रो का पोसायची?

हेडिंग माझं नाहीये, व्हॉट्सअॅपवर सध्या फिरणाऱ्या एका लांबलचक फॉरवर्डचं आहे. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, ऐरोलीला ऑफिस आहे तिथल्या ग्रुपवर तर दोनदा आला, आणि प्रत्येक ठिकाणी खाली अंगठेच अंगठे. ज्यांना मिळाला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मस्कने जनतेचा एक डॉलर न घेता रॉकेट बनवलं, प्रायव्हेट नेहमी स्वस्त आणि वेळेत असतं, सरकारी नेहमी महाग आणि लेट, चंद्र-मंगळाचं विज्ञानही आता प्रायव्हेटवालेच करणार, इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट लागोपाठ दोनदा पडलं म्हणजे इस्रो संपली, सबब इस्रो विकून टाका आणि तो पैसा रस्त्यांवर लावा. लिहिणाऱ्याचं नाव नाही, अर्थातच.

ग्रुपवर लिहायला गेलो तर लगेच 'राजकारण नको' सुरू होतं, म्हणून इथे सगळं एकदाच लिहितो.

"मस्कने जनतेचा एक डॉलर घेतला नाही."

यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते पटकन पटतं. पेपालच्या विक्रीतून आलेल्या पैशातले साधारण १० कोटी डॉलर त्याने घातले, स्पेसएक्स ही कंपनी २००२ ला काढली, तिच्या फाल्कन १ या रॉकेटचे पहिले तीन प्रयत्न २००६, २००७ आणि २००८ ला फसले, आणि पैसे संपत आलेले असताना २८ सप्टेंबर २००८ ला चौथं उडालं. याला छाती लागते, मान्य. पण ते उडालं कुठून? पॅसिफिकमधल्या ओमेलेक बेटावरून, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या टेस्ट रेंजमधून. आणि त्याच्याही आधी, २००६ मध्येच, एकही रॉकेट कक्षेत पोचलेलं नसताना नासाने या कंपनीशी २७.८ कोटी डॉलरचा करार केलेला होता.

आता खरी गंमत. डिसेंबर २००८ मध्ये, नाताळच्या तोंडावर, नासाने स्पेसएक्सला स्पेस स्टेशनवर सामान न्यायच्या १२ फेऱ्यांचं १.६ अब्ज डॉलरचं काम दिलं. तेव्हा फाल्कन ९ एकदाही उडालेलं नव्हतं, त्याचं पहिलं उड्डाण जून २०१० चं. म्हणजे जे रॉकेट अजून बनतंय त्याचं गिऱ्हाईक आधी उभं राहिलं, आणि ते गिऱ्हाईक सरकार होतं. मस्क स्वतः हे लपवत नाही हां, त्याने तर सांगितलंय की त्यानंतर त्याने पासवर्डच 'आय लव्ह नासा' करून टाकला होता. नेत्याला जे कबूल आहे ते त्याच्या भक्तांना कबूल नसतं, हे आपल्याकडे काही नवीन नाही.

बाकी यादी भराभर. स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाची उष्णतारोधक ढाल ज्या मटेरियलवरून आली ते नासाच्या एम्स सेंटरचं काम, स्टारडस्ट यानावर आधीच वापरलेलं. फाल्कनच्या मर्लिन इंजिनमध्ये इंधन फवारायची जी पद्धत आहे ती अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या इंजिनात होती. ज्या ३९-ए पॅडवरून अपोलो ११ निघालं तो पॅड २०१४ पासून स्पेसएक्सकडे भाड्याने आहे. आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकन लष्कराने २८ उड्डाणांसाठी सुमारे ५.९ अब्ज डॉलरचं काम त्यांनाच दिलं. हा सगळा जनतेचाच पैसा की!

मग मस्कचं काहीच नाही का? आहे ना, भरपूर आहे. नासाने २०११ मध्ये स्वतः हिशोब काढला होता की फाल्कन ९ सारखं रॉकेट जुन्या सरकारी पद्धतीने बनवलं असतं तर साधारण ४ अब्ज डॉलर लागले असते, स्पेसएक्सने फाल्कन १ धरून ३९ कोटीत केलं. २१ डिसेंबर २०१५ ला कक्षेत माल पोचवणाऱ्या रॉकेटचा पहिला टप्पा सरळ उभा जमिनीवर परत आणला आणि २०१७ पासून तेच बूस्टर पुन्हा वापरायला लागले. हे त्यांचं कर्तृत्व आहे, नासाचं नाही. पण 'एक डॉलर घेतला नाही' हे खोटं आहे, आणि या खोट्यावरच फॉरवर्डचा पुढचा सगळा इमला उभा आहे.

सरकारी गिऱ्हाईक नसेल तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे, फक्त ते कोणी फॉरवर्ड करत नाही. इरिडियम. सॅटेलाइट फोनवाली कंपनी, ६६ उपग्रह, साधारण ५ अब्ज डॉलर ओतलेले, १९९९ ला दिवाळं. अडीच कोटी डॉलरला विकली गेली आणि जगली कशावर? पेंटॅगॉनने लगेच दिलेल्या दोन वर्षांच्या कंत्राटावर. आज ती कंपनी व्यवस्थित चालू आहे.

"प्रायव्हेट नेहमी स्वस्त आणि वेळेत."

बोइंग काय सरकारी कंपनी आहे का हो? २०१४ ला नासाने अंतराळवीर नेण्याचं काम दोघांना दिलं, बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलर. जास्त पैसे घेणाऱ्या बोइंगचं स्टारलायनर जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विलमोरना घेऊन गेलं, आठवड्याभराची ट्रिप, आणि थ्रस्टर आणि हेलियम गळतीच्या भानगडीमुळे यान सप्टेंबरमध्ये रिकामं परत आणावं लागलं, हे दोघं मार्च २०२५ ला ड्रॅगनमधून आले. दोन्ही कंपन्या प्रायव्हेट, काम तेच, गिऱ्हाईक तेच. मग 'प्रायव्हेट' या एका गोष्टीने काय सिद्ध झालं?

नासाच्या ज्या एसएलएस या अवाढव्य रॉकेटला लोक 'सरकारी पांढरा हत्ती' म्हणतात त्याचं पण बघा. २०१० च्या कायद्यात म्हटलं होतं २०१६ अखेर तयार हवं, उडालं नोव्हेंबर २०२२ मध्ये. नासाच्या इन्स्पेक्टर जनरलने २०२२ मध्ये सांगितलं की ओरायन यानासकट एका उड्डाणाला ४.१ अब्ज डॉलर पडणार. भयंकर आकडा आहे, मी त्याचं समर्थन अजिबात करत नाहीये. पण ते बनवतंय कोण? मुख्य भाग बोइंग, बाजूचे बूस्टर नॉर्थरोप ग्रुमन. सगळे प्रायव्हेट!

फरक आहे कंत्राटाच्या पद्धतीत. घरात रिनोव्हेशन काढलंय आणि तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला म्हणालात की जो खर्च येईल तो बिलात लाव आणि वर तुझे टक्के घे, तर तो टाइल्स दोनदा फोडेल आणि गणपतीपर्यंत काम संपणार नाही. त्यालाच म्हणालात की एकूण एवढे देणार, जास्त झाले तर तुझे, तर तो झक मारत हिशोबात राहील. एसएलएस पहिल्या पद्धतीचं, ड्रॅगन आणि स्टारलायनर दुसऱ्या पद्धतीचे. म्हणून स्टारलायनरचा जादा खर्च, दीड अब्ज डॉलरच्या वर, बोइंगला स्वतःच्या खिशातून भरावा लागला. सरकारने नीट घासाघीस केली की प्रायव्हेट स्वस्त पडतं. घासाघीस करायला सरकारकडे रॉकेटमधलं कळणारी माणसं लागतात. आणि ती माणसं नासा-इस्रोमध्येच तयार होतात, मंत्रालयात नाही.

"विज्ञानही प्रायव्हेट करेल."

कशासाठी करेल? विकणार कोणाला? १९७७ ला सोडलेली व्हॉयेजर यानं सूर्यमालेच्या काठापलीकडून अजून सिग्नल पाठवतायत, त्याचं सबस्क्रिप्शन घेणार का कोणी? गुगलने २००७ ला चंद्रावर प्रायव्हेट यान उतरवायचं बक्षीस लावलं, ३ कोटी डॉलरचं, आपली बेंगळुरूची टीम इंडस पण होती त्यात, मुदत वाढवत वाढवत २०१८ पर्यंत नेली आणि शेवटी कोणालाच न देता बंद केलं. लघुग्रहांवरून प्लॅटिनम आणणार म्हणून २०१२ ला गाजावाजा झालेली प्लॅनेटरी रिसोर्सेस २०१८ ला एका ब्लॉकचेन कंपनीने गिळली. चंद्राला चक्कर मारून आणण्यासाठी एका जपानी अब्जाधीशाने बुक केलेली स्टारशिपची ट्रिप २०२४ मध्ये त्यानेच कॅन्सल केली. श्रीमंत माणसाचा मूड बदलला की मिशन संपलं.

मग प्रायव्हेट यानं चंद्रावर उतरलीच नाहीत का? उतरली. इंट्युइटिव्ह मशीन्स कंपनीचं ओडिसियस फेब्रुवारी २०२४ मध्ये उतरलं आणि कलंडलं, त्याच कंपनीचं अथेना मार्च २०२५ ला परत कलंडलं, आणि त्याच्या चारच दिवस आधी, २ मार्चला, फायरफ्लायचं ब्लू घोस्ट मात्र झकास उभं उतरलं. पण या तिन्हींवर नासाची उपकरणं होती आणि ती नेण्याचे पैसे नासाने दिलेले. ट्रक प्रायव्हेट, माल सरकारचा, भाडं पण सरकारचं. मला यात काहीच वाईट वाटत नाही, उलट हेच मॉडेल बरोबर आहे असं माझं मत आहे. युरोपा क्लिपर बघा ना, गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेलं यान. आधी कायद्यानेच ठरवलेलं की ते एसएलएसवरूनच जाणार, मग ते बदललं आणि ऑक्टोबर २०२४ ला ते फाल्कन हेवीवरून गेलं, लाँचचं कंत्राट होतं १७.८ कोटी डॉलरचं आणि नासाच्या अंदाजाने २ अब्ज वाचले. पण पूर्ण मोहिमेचा ५ अब्जांच्या वरचा खर्च नासाचाच, कारण युरोपाच्या बर्फाखाली काय आहे यात नफा नाहीये.

२०२६ च्या बजेटमध्ये ट्रम्प सरकारने नासाचं विज्ञान जवळपास निम्मं कापायचा प्रस्ताव ठेवला होता. प्लुटोच्या पुढे गेलेलं न्यू होरायझन्स, गुरूभोवती फिरणारं जुनो, चांगली चालू असलेली यानं बंद करायची यादी निघाली. तेव्हा किती कंपन्या पुढे आल्या की थांबा, हे आम्ही चालवतो? माझ्या तरी ऐकिवात एकही नाही. शेवटी अमेरिकन संसदेनेच ती कात्री बरीचशी फेटाळली.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर चांद्रयान १ वर नासाचं एक उपकरण होतं, त्यातून २००९ मध्ये चंद्रावरच्या पाण्याचे पुरावे आले. चांद्रयानचा डेटा आज कोणीही रजिस्टर करून फुकट उतरवू शकतो, वाशीच्या कॉलेजातली मुलगी पण.

"पीएसएलव्ही दोनदा पडलं, इस्रो संपली."

१८ मे २०२५ ला सी६१ आणि १२ जानेवारी २०२६ ला सी६२, ही पीएसएलव्हीची दोन्ही उड्डाणं तिसऱ्या टप्प्यात गेली. याचा राग यायलाच हवा, मला पण आला. त्याहून जास्त राग याचा की पहिल्या अपयशाचा अहवाल दुसरं रॉकेट उडेपर्यंत लोकांसमोर ठेवला नव्हता. पैसा आमचा असेल तर अहवाल पण आम्हाला वाचायला हवा, यात गुप्त काय आहे तेवढं झाका आणि बाकीचं द्या. पण रॉकेट पडलं म्हणून दुकान बंद करायचं असेल तर फाल्कन ९ जून २०१५ ला हवेत फुटलं आणि सप्टेंबर २०१६ ला पॅडवरच जळालं, तेव्हा स्पेसएक्सलाही कुलूप लावायला हवं होतं. व्हर्जिन ऑर्बिटचं जानेवारी २०२३ ला एक रॉकेट फेल गेलं आणि एप्रिलमध्ये कंपनी दिवाळखोरीत. प्रायव्हेटमध्ये ही पण एक पद्धत असते.

"इस्रो विकून टाका."

काय विकणार नक्की? ठाण्याहून पूर्व द्रुतगती मार्गाने मुंबईकडे जाताना विक्रोळी लागते, तिथे गोदरेजमध्ये विकास इंजिन बनतात, आज नाही, कित्येक वर्षांपासून. पवईला एल अँड टी, मोठ्या बूस्टरची आवरणं. इंदापूरकडे वालचंदनगर. म्हणजे लोखंड कापायचं काम आधीच बऱ्यापैकी प्रायव्हेटकडे आहे. इस्रोकडे आहे ते डिझाइन, टेस्टिंगच्या सोयी, श्रीहरिकोटा आणि साठेक वर्षांचा अनुभव. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट गेलं ते अमेरिकन नायकी-अपाची होतं, तिथून स्वतःचं घन इंधन बनवेपर्यंत जी माणसं झिजली त्यात आपले वसंत गोवारीकर पण होते. हे सगळं टेंडर काढून विकलं तर घेणारा पहिलं काम काय करेल? नफा न देणारे विभाग बंद.

आणि स्टार्टअप्सचं काय होईल? स्कायरूटचं विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ ला गेलं ते श्रीहरिकोटाहून. अग्निकुलचं ३० मे २०२४ ला त्यांच्या स्वतःच्या पॅडवरून गेलं, पण तो पॅड आहे इस्रोच्या आवारात. त्या पोरांना विचारा इस्रो विकू का, तेच आधी आडवे पडतील.

बरं, विकायला काढलं तरी घेतं कोण तेही बघा. छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचं तंत्रज्ञान उद्योगाला द्यायचं म्हणून बोली लावली, जून २०२५ मध्ये ५११ कोटींना जिंकली कोणी, तर विमानं बनवणाऱ्या एचएएलने. सरकारी कंपनी! यावर मी दोन दिवस हसत होतो.

परावलंबनाचं तर बोलूच नका. ५ जून २०२५ ला मस्क आणि ट्रम्पचं जाहीर भांडण झालं आणि मस्कने लिहून टाकलं की ड्रॅगन बंद करायला घेतो. काही तासांत मागे घेतलं, पण तेवढ्या वेळात नासातल्या लोकांचं काय झालं असेल, कारण स्टारलायनर जमिनीवर आणि स्टेशनला माणसं न्यायला अमेरिकेकडे दुसरं यान नाही. आपला अंतराळवीर शुभांशु शुक्ला त्याच महिन्यात ड्रॅगनमधूनच जायचा होता (गेला २५ जूनला), सीटसाठी आणि ट्रेनिंगसाठी आपण साधारण ५५० कोटी मोजले होते. एकाच शेठच्या मूडवर देशाचा कार्यक्रम टांगायचा का? आपला जीसॅट-एन२ उपग्रह, ४,७०० किलोचा, नोव्हेंबर २०२४ ला फाल्कन ९ वरून गेला कारण आपल्या सगळ्यात मोठ्या एलव्हीएम३ रॉकेटला एवढं वजन त्या लांबच्या कक्षेकडे न्यायला झेपत नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण आपलं स्वतःचं रॉकेटच नसतं तर भाव त्यांनी सांगितला असता आणि आपण मान डोलावली असती. याच्या उलट पण होतं हे फॉरवर्डवाल्यांना माहीत नसतं, २४ डिसेंबर २०२५ ला एका अमेरिकन प्रायव्हेट कंपनीचा ६,१०० किलोचा ब्लूबर्ड उपग्रह आपल्या याच सरकारी एलव्हीएम३ ने पृथ्वीजवळच्या कक्षेत नेला, आणि वनवेब या परदेशी कंपनीचे ७२ उपग्रह पण त्याआधी यानेच नेले.

अजून एक, १९६७ च्या अंतराळ करारानुसार खाजगी कंपनीने वर काहीही केलं तरी जबाबदारी त्या देशाच्या सरकारची. विकून टाकलं तरी नुकसानभरपाईचं बिल दिल्लीलाच येणार. आणि आपल्याकडे २०२३ चं धोरण आहे, कायदा नाही, २०१७ चा मसुदा तसाच पडून आहे. खरं तर फॉरवर्ड यावर फिरायला हवा.

"तो पैसा रस्त्यांवर लावा."

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला हे वाक्य टोचणारच, कापूरबावडी ते गायमुख मी रोज भोगतो. पण आकडे बघा. अंतराळ विभागाचं २०२५-२६ चं सगळं बजेट १३,४१६ कोटी. आपला ठाणे-बोरिवली जुळा बोगदा एकटा १६,६०० कोटी. अटल सेतू १७,८४० कोटी. नवी मुंबई विमानतळाचा पहिला टप्पा १९,६५० कोटी. म्हणजे वर्षभर इस्रोला कुलूप लावलं तरी एक बोगदा पुरा होत नाही, आणि चांद्रयान ३ चे ६१५ कोटी तर त्यात कुठे दिसणारही नाहीत. खड्डे पैसे नाहीत म्हणून पडत नाहीत हे ठाणेकराला सांगायला लागू नये.

उलट २०२० च्या जूनमधलं निसर्ग आणि २०२१ च्या मेमधलं तौक्ते वादळ आठवा. त्यांचा मार्ग दाखवणारी इन्सॅटची चित्रं फुकट मिळतात, कोकण किनाऱ्यावरच्या बोटींना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे तो सल्ला उपग्रहांच्या माहितीवरूनच निघतो आणि तोही फुकट. हे सगळं पैसे भरून घ्यायची वेळ आली तर करंजाच्या छोट्या बोटवाल्याने काय करायचं?

आता फॉरवर्डमधला जो भाग मला खरा वाटतो तो. सरकारी गाडी हळू चालते. गगनयानमधून २०२२ पर्यंत माणूस जाणार असं २०१८ मध्ये लाल किल्ल्यावरून सांगितलेलं, वर्षं उलटली. त्यावर उपाय म्हणून विक्री सुचवणाऱ्यांना मी म्हणतो, नासाने डिसेंबर २००८ मध्ये जे केलं ते आपल्या सरकारने करावं, गिऱ्हाईक व्हावं. थोडं सुरू पण झालंय: संरक्षणासाठीचे ५२ उपग्रह ऑक्टोबर २०२४ ला मंजूर झाले, त्यातले ३१ प्रायव्हेट कंपन्या बनवणार. पिक्सेल या स्टार्टअपच्या गटाने तर पृथ्वीची चित्रं काढणारे १२ उपग्रह सरकारकडून पैसे न घेता, स्वतः १,२०० कोटींच्या वर घालून उभारायची बोली लावून काम मिळवलं. कौतुक आहे. पण त्यांची चित्रं विकत घेणारी सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं कोण असणार, शेती, संरक्षण, आपत्ती व्यवस्थापन, म्हणजे सरकारी खातीच ना? त्यांनी दर वर्षी ठरलेली खरेदी केली नाही तर आपल्याकडे पण एक इरिडियम व्हायला वेळ लागणार नाही.

माझा एक मित्र रबाळे एमआयडीसीत सीएनसी मशीनवर सुटे भाग करतो, विमान-रॉकेटवाल्या मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या एका व्हेंडरसाठी. त्याला हा फॉरवर्ड दाखवला तर म्हणाला, सरकारी का प्रायव्हेट ते मला काय करायचंय, चार नग मागतात आणि चाळीस कागद, पुढची ऑर्डर कधी ते कोणी सांगत नाही, वर्षाला शंभर नग पाच वर्षं घेईन असं कोणी लिहून दिलं तर उद्या बँकेत जाऊन नवीन मशीन उचलतो.